गोळ्या चालू आहेत, मग नुसतं बोलून काय होणार?

स्किझोफ्रेनियात गोळ्यांच्या जोडीला सीबीटी (विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणारी थेरपी) सुचवली की घरचे हे हमखास विचारतात. मागे एक आई आल्या होत्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय), मुलगा पंचविशीतला, गोळ्या वेळेवर, झोप बरी, पण कोणी नसताना ऐकू येणारे आवाज पूर्ण गेले नव्हते आणि संध्याकाळ झाली की हा दार आपटायचा, समोरचं ताट सारून द्यायचा. "मॅडम, आम्ही रोज समजावतो की कोणी बोलत नाहीये, तर तो अजूनच भडकतो, तुम्ही वेगळं काय सांगणार?"

मी काही सांगितलंच नाही, नुसतं विचारत गेले. आवाज काय म्हणतो, आला की अंगात काय होतं? बराच वेळ गप्प बसून मग म्हणाला, "खालची पोरं मला हसतात, वर येऊन मारणारेत." आणि छातीत? "धडधडतं. पण मी दाबून धरतो." म्हणजे घरच्यांना दिसायचा तो राग, आत होती भीती, आणि दाबून दाबून ती ताटावर निघायची. घाबरलेल्या माणसाला "काही नाहीये" म्हटलं की तो आणखी एकटा पडतो हो.

मग वही सुरू केली. वेळ, आवाज काय म्हणाला, भीती दहापैकी किती, मी काय केलं. सोसायटीतली पोरं खाली खेळायला आली की भीती 8, हे त्यालाच वहीत दिसलं. हसण्याचं दुसरं काय कारण असेल, आजवर कोणी वर आलं का, हे त्याच्याकडूनच काढायचं, वाद नाही घालायचा. एकदा त्याने खिडकीतून बघितलं आणि लिहिलं, "कॅच सुटला म्हणून हसले. भीती 5."

शून्य नाही, पाचच. पण त्या दिवशी तो जेवला.

भीती चढायला लागली की सावकाश श्वास सोडायचा, गाणं गुणगुणायचं, आईला "मला भीती वाटतेय" एवढंच म्हणायचं, हे पण शिकला. शेवटचं सगळ्यात जड गेलं त्याला. आईंनाही, कारण त्यांना लगेच समजवायची घाई!

हे काही नवं फॅड नाही, सीबीटीचे जनक, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनी अशा पेशंटबरोबर केलेल्या कामाबद्दल 1952 मध्येच लिहिलंय, आणि ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइनमध्ये सीबीटीची किमान 16 सेशन सांगितलेत, त्यामुळे दोन भेटीत फरक नाही म्हणून सोडू नका. गोळ्या तर अजिबात बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमीही नाही. आवाज जीव द्यायला किंवा कुणाला मारायला सांगत असेल तर माझ्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट गाठा, एकटं सोडू नका, आणि रात्री काय करावं कळेना तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.