ब्रिटनमध्ये कॅम्परव्हॅनने (झोपायची सोय असलेल्या गाडीने) फिरताना नातेवाईकांकडे राहावं की गाडीतच?

गाडीतच.

आईबाबा साठीच्या पुढचे, लंडनजवळ काका, स्कॉटलंडमध्ये भाची, आणि "सगळे म्हणतात, आपली माणसं असताना व्हॅनचा खर्च कशाला" असं तुम्ही लिहिलंय. हे 'सगळे' मी चांगले ओळखते. आमच्याही घरात आहेत.

माझा मोठा भाऊ लंडनजवळ स्लाउला राहतो. घर म्हणायला तीन बेडरूमचं, पण तिसरीत एक पलंग ठेवला की दार जेमतेम उघडतं. आधी एकदा आम्ही त्याच्याकडे उतरलो, तेव्हा भाचीने तिची खोली आम्हाला दिली आणि स्वतः खाली सोफ्यावर झोपली. जीसीएसईची, म्हणजे तिथल्या दहावीसारखी, परीक्षा तोंडावर होती तिची. बाथरूम एकच, वहिनी सकाळी साडेसहाला कामावर निघायची. कोणी चकार शब्द काढला नाही, पण पोरीचे तारवटलेले डोळे मला दिसत होते. "आपल्या माणसांत कसला संकोच" असं जे म्हणतात ना, त्यांची खोली कधी गेलेली नसते.

म्हणून हे निवृत्त झाल्यावर आम्ही गेलो ते व्हॅन भाड्याने घेऊनच. दादाच्या ड्राइव्हवेवर लावली, गॅरेजमधून वीज घेतली. जेवणखाण सगळं घरात, पोळ्या मी लाटायचे, झोपायला तेवढं गाडीत. पहिल्या रात्री दादा दारात उभा राहून म्हणाला, "सख्खी बहीण अंगणात झोपली, हे मी कुणाला सांगू?" आणि आत निघून गेला.

दुसऱ्या रात्री मात्र तो चहाचा थर्मास घेऊन गाडीत आला. पुढची सीट मागे फिरवता येते, तिच्यावर बसला. घरात तो सतत यजमान असतो: टॉवेल दिला का, हीटर लावू का, अजून एक पोळी घे. गाडीत त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. आईच्या शेवटच्या आजारपणात त्याला येता आलं नव्हतं आणि त्यावर आम्ही भावंडं कधी बोललोच नव्हतो. त्या रात्री तो बोलला, पुष्कळ बोलला. हे उठून बाहेर फेरी मारायला गेले. घरात, सगळ्यांच्या देखत, हे झालंच नसतं. तरीही पुढे फोनवर मावशीला त्याने सांगितलं, "तिने माझ्या घरी राहायचं नाकारलं." दादा, तू हे वाचलंस तर बरंच होईल. तुझ्या घरचं मी तिन्ही त्रिकाळ जेवले. तुझ्या लेकीची खोली तेवढी घेतली नाही.

स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला ह्यांची मावसबहीण नर्स आहे. ती म्हणाली, "वहिनी, बरं केलंत, माझी नाइट ड्यूटी चालू आहे." ती झोप पुरी करून मुलांना घेऊन संध्याकाळी कॅम्पसाइटवर यायची, मी खिचडी टाकायची. ह्याला मी भेट म्हणते.

आता गाडीचं. भारतीय लायसन्सवर पाहुण्याला तिथे बारा महिने चालवता येतं, आणि गाडी डावीकडूनच. लंडनच्या यूलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणाऱ्या हद्दीत, जुन्या डिझेल व्हॅनला दिवसाला १२.५० पौंड पडतात, तेव्हा गाडी घेतानाच विचारा. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू टाकता येतो. तो हक्क गाडीला नाही, त्यामुळे 'कुठेही लावा' सांगणाऱ्यांचं ऐकू नका. हायलँड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, एकपदरी रस्त्यांवर ज्या पासिंग प्लेस (बाजू द्यायच्या रुंद जागा) असतात तिथे फोटोसाठी थांबायचं नाही, मागच्याला पुढे जाऊ द्यायचं. ॲपलक्रॉसचा घाट समुद्रसपाटीपासून ६२६ मीटरवर चढतो आणि मोठ्या गाड्यांनी जाऊ नये असा फलकच आहे तिथे. तो सोडा. ग्लेन्कोमधून जाणारा ए८२ मोठा रस्ता आहे आणि डोळ्यांचं पारणं फेडतो.

खर्चाचा एक आकडा सांगता येत नाही. इंग्लंडच्या शाळांना जुलैअखेरपासून सुट्टी लागते, मग भाडी आणि जागा दोन्ही अवघड. मेमध्ये जा, हायलँड्समधल्या चावऱ्या चिलटांचा हंगामही तेव्हा नुकता सुरू होत असतो.

हो, गुडघे दुखत असतील तर वरच्या पलंगाची व्हॅन नको. गाडीतल्या टॉयलेटची मैला साठणारी पेटी स्वतः ओतून यावी लागते, हे आईंना आधीच सांगा. बऱ्याच कंपन्या चालकाच्या वयाला वरची मर्यादा ठेवतात, तीही बघा. आणि काकांचं घर खरंच मोठं असेल, मुलं बाहेर राहत असतील, तर एखादी रात्र आत झोपायला हरकत नाही.

काकांना फोन मात्र बाबांनीच करायचा, तुम्ही नाही. ड्राइव्हवे किती लांब आहे एवढंच विचारायचं. "गाडीत झोपलो तर चालेल का" हा प्रश्न काढायचाच नाही.