दार लागण्याआधी

प्रश्न : आमचा पेण तालुक्यात गणपतीचा कारखाना आहे. वडील असेपर्यंत माल व्यापारीच उचलायचे. आता मी बघते. यंदा न्यू जर्सीच्या एका मंडळाने थेट माझ्याकडे ३०० मूर्ती मागितल्या आहेत, एक ते दीड फुटाच्या, त्यातल्या निम्म्या शाडूच्या. दोन वर्षांपूर्वी व्यापाऱ्यामार्फत गेलेल्या मालात बऱ्याच मूर्तींचे हात तुटले होते आणि काहींवर काळसर डाग पडले होते. चूक कुठे झाली हे आम्हाला कुणीच सांगितले नाही. पूर्ण कंटेनर घ्यावा की दुसऱ्यांच्या मालाबरोबर पाठवावा? कधी पाठवावा? भरताना काय बघावे?
– एक मूर्तिकार, पेण तालुका

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, मी १९९२ला तिथल्या एका गोदामात टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजून नोंदणारा कारकून म्हणून लागलो आणि पुढे ३१ वर्षे क्लिअरिंगच्याच, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याच्या कामात काढली. एवढ्या वर्षांत पेणच्या मूर्ती किती वेळा डोळ्यांसमोरून गेल्या. पण ज्याच्या हातांनी डोळ्यांची आखणी केली तो माणूस डबा (कंटेनरला आम्ही डबाच म्हणतो) भरताना शेजारी उभा आहे, असे मी फार थोड्या वेळा पाहिले. यंदा तुम्ही उभ्या राहा. बाकीचे सगळे मी सांगतो, पण हे पहिले.

आधी हिशेब करू. दोन-दोन मूर्ती एका खोक्यात धरल्या तर १५० खोकी. खोके ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ५० उंच असेल तर १५० खोक्यांचे १८ घनमीटर होतात. दुसऱ्यांच्या मालाबरोबर पाठवताना, म्हणजे एलसीएलमध्ये, भाडे घनमीटरवर लागते (माल जड असेल तर टनावर, दोन्हींतले जे जास्त भरेल ते). साधारण १३ ते १५ घनमीटरच्या पुढे गेलात की २० फुटी पूर्ण कंटेनर त्याच पैशांत किंवा थोड्या जास्तीत बसतो. तुमच्या बाबतीत तर थोडे जास्त पडले तरी पूर्णच घ्या. एलसीएलमध्ये तुमचे खोके ट्रकमधून उतरते, गोदामात थप्पीला लागते, डब्यात चढते, तिकडे उतरते, पुन्हा थप्पीला लागते. दर वेळी हात वेगळे असतात आणि वर कुणाचा लोखंडी माल ठेवला जाईल ते तुमच्या हातात नसते. तुमच्या मूर्तींचे हात तुटण्याचे कारण मला तरी बहुतेक इथेच दिसते.

आता वेळ. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणून कारखान्यांत सगळे थोडे निवांत आहेत. पण गणपती उशिरा आले तरी पाऊस उशिरा येत नाही. मृग लागायच्या आत, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तुमचा डबा भरून सील झाला पाहिजे. काळ्या डागांचे उत्तर यातच आहे. जूनमध्ये उरण-पनवेलची हवा म्हणजे ओले फडके. त्या हवेत डबा भरला की तीच हवा, तोच दमट पुठ्ठा आत बंद होतो. अरबी समुद्रात डबा तापतो, पाणी वाफ होऊन हवेत राहते. पुढे थंड पाण्यात जहाज गेले की वरचा पत्रा गार पडतो आणि छताला आतून दव धरून ते थेंब थेंब खोक्यांवर गळते. बाहेर पावसाचा टिपूस नसताना आत पाऊस पडतो. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. तुमचे जहाज कोणत्या वाटेने जाणार ते बुकिंगच्या वेळीच विचारा. केपवरून असेल तर दहा ते चौदा दिवस जास्त लागतात, आणि आपला पावसाळा तोच तिकडचा हिवाळा, समुद्र खवळलेला. दारापासून दारापर्यंत सगळे मिळून दोन महिने धरून चाला.

दमटपणाचा दुसरा उगम तुमच्याच कारखान्यात आहे. शाडूची मूर्ती वरून कोरडी लागली तरी पोटात पाणी धरून असते. रंग चढला की ते पाणी अडकते आणि डब्याच्या उष्णतेत बाहेर यायला बघते. निर्यातीच्या मूर्ती आधी करा, गावातल्या नंतर. रंगाआधी त्यांना जास्तीचे दिवस वाळू द्या. डब्यात कॅल्शियम क्लोराइडच्या ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात, त्या टांगाच, पण ओल्या मूर्तीवर तो इलाज नाही.

खोके सात प्लायचे, म्हणजे सात पदरी पुठ्ठ्याचेच घ्या. चार थरांची थप्पी लागली तर खालच्या खोक्यावर वरची तीन बसतात. भरलेले खोके २२ किलोचे धरले तर ६६ किलो होतात, आणि जहाज हेलकावे खाते तेव्हा तो भार एका जागी शांत बसत नाही. पुठ्ठा दमट झाला की त्याची ताकद झपाट्याने कमी होते. खोक्याच्या आत सोंड, परशू धरलेला हात आणि प्रभावळ यांना वेगळा आधार हवा. मूर्ती पाटासकट बसेल असा थर्माकोलचा किंवा फोमचा खाचा करा. भाताचा पेंढा आणि तूस मात्र अजिबात नको. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या त्यातच मूर्ती गेल्या, मुंबईपर्यंत त्याच्यासारखे दुसरे काही नाही. पण पॅकिंग म्हणून भाताचे तूस आणि पेंढा अमेरिका आत घेत नाही. किडीची भीती असते, त्यापायी सगळा डबा अडकतो. लाकडाचेही तसेच. पॅलेट किंवा फळ्या वापरल्या तर त्यांवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि ‘एचटी’ ही अक्षरे छापलेली हवीत. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवले आहे, असा त्याचा अर्थ. शाडू ही शेवटी कच्ची माती. ती तिकडे चालते का आणि तिला काही परवाना लागतो का, हे मंडळाने त्यांच्या कस्टम ब्रोकरकडून लेखी आणून द्यावे. शाडूच्या दीडशे मूर्तींना हात लावण्याआधी तो कागद हातात असू द्या.

आता भरायचा दिवस. रिकामा डबा आला की आत जा, सोबतच्या माणसाला दोन्ही दारे बाहेरून लावायला सांगा आणि काळोखात एक मिनिट शांत उभ्या राहा. डोळे सरावले की छताकडे, कोपऱ्यांकडे, दाराच्या रबराकडे बघा. कुठेही उजेडाचा ठिपका दिसला तर तो डबा परत करा. तुम्हाला तो हक्क आहे. वास घ्या, खाली हात टेकून लाकडी तळ ओलसर लागतो का बघा.

हे मी कुणाच्या सांगण्यावरून सांगत नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी सोलापूरच्या चादरींचा एक डबा माझ्या टॅलीवर भरला. घाई होती, जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे डबा बंदरात पोहोचवायची शेवटची वेळ, संध्याकाळची होती. मी दार लावून बघितले नाही आणि सही केली. वरच्या कोपऱ्यात बाजरीच्या दाण्याएवढे भोक होते. तिकडे डबा उघडला तेव्हा त्या कोपऱ्याखालचे ११ गठ्ठे बुरशीने काळे पडलेले. ज्यांचा माल होता ते गृहस्थ फोटो घेऊन गोदामात आले. रागावले नाहीत. एकेक फोटो माझ्यासमोर ठेवत गेले. त्यानंतर कितीही घाई असो, काळोखात उभे राहिल्याशिवाय मी एकाही डब्यावर सही केली नाही.

थप्पीचे असे करा. २० फुटी डब्याची आतली लांबी ५.९ मीटर, रुंदी २.३५. खोक्याची लांब बाजू डब्याच्या लांबीला धरली तर लांबीत ९ आणि रुंदीत ५, म्हणजे एका थरात ४५ खोकी. तीन थरांत १३५ झाली. उरलेली १५ सगळ्यात आतल्या तीन ओळींवर चौथा थर म्हणून चढवा आणि जाळीने बांधून डब्याच्या कड्यांना ताणा. दाराशी अर्धा मीटर आणि बाजूला ३५ सेंटिमीटर जागा उरेल. ती मोकळी सोडू नका. नेमकी याच मोकळ्या जागेत खोकी सरकतात. हवा भरायच्या डनेज बॅगा मिळतात, त्या तिथे लावा. माथाडींना आधी एक मूर्ती खोक्यातून काढून दाखवा. खोक्यावर बाणाची खूण असतेच, पण आत बाप्पा कसे बसले आहेत हे एकदा पाहिले की माणूस खोके आपोआप जपून ठेवतो. प्रत्येक थराचा फोटो काढा, शेवटी सीलचा नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो.

कागदांत नवीन माणसाचा एकच ठिकाणी हमखास खोळंबा होतो. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक काढलेला असतो, पण निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा एडी कोड न्हावा शेवा बंदरासाठी नोंदवलेला नसतो आणि शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडे भरायचा निर्यातीचा कागद, पुढे सरकत नाही. हे काम एप्रिलमध्येच उरका. आणि मंडळाशी सौदा एफओबीवर असेल तर माल जहाजावर चढेपर्यंतचा धोका तुमचा. तेवढ्या टप्प्याचाही विमा घ्या, आणि तुटफूट त्यात धरली आहे का हे पॉलिसीत वाचून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, कोल्हापूरचा. मुलाकडे मेलबर्नला कायमचे जात आहोत. वडिलांचा सागवानी देव्हारा, आईचे जाते, पाटा-वरवंटा आणि पुस्तकांची बारा खोकी न्यायची आहेत. तीन ठिकाणी भाव विचारले. एकाने इतके कमी सांगितले की विश्वास बसत नाही. विम्याच्या यादीत देव्हाऱ्याची किंमत काय लिहावी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर, तुमचा संशय बरोबर आहे. एलसीएलमध्ये इकडचे भाडे नावापुरते सांगायचे आणि तिकडच्या बंदरात हाताळणी, गोदाम, डिलिव्हरी ऑर्डर अशा नावांनी वसूल करायचे, हा जुना प्रकार आहे. माल तिकडे पोहोचलेला असतो, मग माणूस मुकाट्याने भरतो. तिघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा : मेलबर्नला माल माझ्या हातात पडेपर्यंत आणखी कोणाला किती द्यायचे? जो आकडा लिहून देणार नाही त्याला सोडा.

ऑस्ट्रेलिया माती, बी आणि लाकडातली कीड या तिन्हींबाबत फार कडक आहे. जात्याच्या दगडांवर ठोकलेल्या खाचांत वर्षानुवर्षांचे पीठ असते, कुठे दाणाही अडकलेला असतो. दोन्ही तळ्या सुट्या करून ताठ ब्रशने घासा, पाण्याने धुवा आणि आठ दिवस उन्हात ठेवा. देव्हाऱ्याच्या मागच्या फळीला, कळसाच्या सांध्याला बारीक छिद्रे आणि खाली पिठासारखा भुगा दिसतो का बघा. दिसला तर इथेच धुरी करून प्रमाणपत्र घ्या, तिकडे तेच काम फार महाग पडते. देव्हाऱ्यात राहिलेली सुपारी, नारळ, तांदळाचे दाणे, वाळलेली फुले काढून टाका. तुळशीची कुंडी इथेच कुणाला तरी द्या, ती जाणार नाही. चपला-बुटांच्या तळांची मातीसुद्धा धुवा.

प्रत्येक खोक्याला नंबर द्या आणि आत काय आहे याची यादी करा. ‘घरगुती सामान’ एवढे लिहून भागत नाही. लाकूड आणि दगड यांची खोकी वेगळी ठेवा, म्हणजे तपासणीला तेवढीच उघडतील आणि पुस्तके शाबूत राहतील. जाते पुस्तकांबरोबर भरण्याचा मोह होतो, दोन्ही जड म्हणून. तसे करू नका.

विम्याची यादी करताना देव्हाऱ्याची किंमत काय लिहावी, असेही तुम्ही विचारले आहे. आज तसाच देव्हारा सुताराकडून करून घ्यायला जे लागेल ते लिहा. आणखी एक. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझमध्ये अडकले, सहा दिवसांनी निघाले. त्यातल्या ज्यांच्या मालाला खरचटलेही नव्हते त्यांनाही जहाज सोडवण्याच्या खर्चातल्या वाट्याची हमी दिल्याशिवाय माल मिळेना. समुद्रावरचा हा फार जुना कायदा आहे. विमा असेल तर ती हमी कंपनी देते. म्हणून जुनेच सामान आहे, विमा कशाला, असे म्हणू नका.

प्रश्न : तासगावचा बेदाणा, एक कंटेनर. ३० टक्के आगाऊ मिळाले. आता गिऱ्हाईक म्हणते, आधी टेलेक्स रिलीज द्या, माल सोडवल्यावर लगेच बाकीचे पाठवतो. माणूस चांगला वाटतो. काय करू?
– एक बेदाणा उत्पादक, तासगाव

उत्तर : देऊ नका. तुमचे जहाज हा अंक निघायच्या आत पोहोचणार होते, म्हणून हे तुम्हाला मी फोनवर लगेच सांगितले. इथे इतरांसाठी लिहितो.

माल चढल्यावर जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग देते, त्याच्या सहसा तीन मूळ प्रती निघतात. ती नुसती पावती नाही, माल कोणाचा हे सांगणारा तो कागद आहे. त्यातली एक प्रत दाखवली की माल मिळतो, आणि टेलेक्स रिलीज म्हणजे तिन्ही प्रती तुम्ही इथेच लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, परत द्यायच्या आणि तिने तिकडे निरोप धाडायचा : कागदाशिवाय माल सोडा. त्या क्षणानंतर तुमच्या हातात ७० टक्क्यांचा शब्द उरतो. गिऱ्हाईक चांगले असेल तर त्याला बँकेमार्फत कागद घ्यायला हरकत नसावी : पैसे भरा, बँक कागद देईल.

त्याने नकार दिला तर दुसरी भीती उभी राहते. डबा बंदरात पडून राहिला की फुकटचे दिवस संपल्यावर रोज भाडे चढते आणि मागाहून तेच दडपण तो तुमच्यावर आणतो. म्हणून लाइनकडे दोन गोष्टी आजच विचारून ठेवा : तिकडे फुकटचे दिवस किती, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नावावर कागद बदलायचा झाला तर शेवटची तारीख कोणती. बेदाणा टिकाऊ माल आहे, त्याच बंदरात दुसरे गिऱ्हाईक शोधायला तुमच्याकडे वेळ असतो. द्राक्षवाल्याकडे तोही नसतो.