कोकणात राहून छंदासाठी पॉइंट टू टू पिस्तूल घ्यायचं तर कोणतं घ्यावं, आणि पावसाळ्यात त्याला कुठलं तेल लावावं?

तुम्ही लिहिलंय की घर वेंगुर्ल्याला, समुद्र हाकेच्या अंतरावर, हवेच्या पिस्तुलावर दोन वर्षं हात बसलाय आणि आता पॉइंट टू टू घ्यायचंय. तेलापासूनच सुरू करतो, कारण दुखरी नस तिथेच आहे. खोबरेल लावू नका. कोणी कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी.

मी कुडाळचा. माझं पिस्तूल म्हणजे एका निवृत्त नेमबाजाकडून रीतसर नावावर करून घेतलेलं जुनं वॉल्थर जीएसपी. याचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं. काकांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "ह्या काय रे, ड्रिल मशीन?" काकांकडे शेतीसंरक्षणाच्या लायसन्सवरची ठासणीची बंदूक आहे, त्यामुळे बंदूक या विषयावर घरात शेवटचा शब्द त्यांचा.

चतुर्थीला मूळ घरी गेलो होतो. पडवीत बसून पिस्तूल पुसत होतो आणि तेलाची बाटली संपली. काका गणपतीवरच्या माटवीला कवंडळं बांधत होते, तिथूनच ओरडले, "खोबरेल लाव त्येका. गंज येवचो नाय." काकूंनी लगेच वाटी आणून ठेवली. सणाचा दिवस, माणूस मोठा, लावलं. तेही नुसतं बाहेरून नाही, बोल्ट (काडतुसामागचा सरकता लोखंडी ठोकळा) काढून फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या खिळीच्या, भोकातही दोन थेंब सोडले. ते थेंब माझे, कबूल. वाटी त्यांची.

मधले तीन-चार महिने हवेच्या पिस्तुलावरच गेले. जानेवारीत पुण्याला बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर २५ मीटरवर सरावाची संधी मिळाली. रात्रभर गाडी हाकून गेलो, सकाळी साडेसातला लेनवर उभा. पहिल्या पाचांत दोन मिसफायर. हॅमरचा टक् असा आवाज, पुढे काही नाही. नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, काडतूस काढायचं, परत धरायचं. दुसऱ्या पाचांत तीन. शेजारच्या लेनवरच्या ताई शेवटी आपलं पिस्तूल ठेवून आल्या. मी बोल्ट काढून दिला, तो त्यांनी नाकाशी धरला आणि विचारलं, "यात वडे तळता का?"

पिन बाहेर काढली तर तिच्याभोवती पांढरं लोणी. थंडीत डोक्याच्या तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते ना, तेच. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. कुडाळात ते बहुतेक वर्षभर पातळ दिसतं म्हणून विसर पडतो. पॉइंट टू टूच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोपी नसते, पेट घेणारा मसाला कडेच्या घडीत असतो. पिनेने ती कड नीट चेचली तरच बार उडतो. उडालेल्या काडतुसांच्या कडेला खोल खाच होती, न उडालेल्यांवर नखाने दाबल्यासारखी फिकट खूण. न उडालेली ही पाचही बुडं ओळीने मांडून मी फोटो काढला. तो पुढे कामाला येईल असं वाटलं होतं.

आता कोणतं घ्यावं. नावावर जाऊ नका. वॉल्थर, पार्दिनी, मोरिनी, हॅमर्ली, सगळी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं मारतात. मुठीत ग्रिप कशी बसते ते बघा, आणि फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा), स्प्रिंगा मिळतील का ते विकणाऱ्याला आधी विचारा. पुढेमागे स्पर्धेत उतरायचं असेल तर २५ मीटरला ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा, वजन १४०० ग्रॅमच्या आत आणि नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, एवढं तपासून घ्या. काडतुसं स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, म्हणजे बेताच्या वेगाची. जोरदार काडतुसांनी टार्गेट पिस्तुलाचा बोल्ट मार खातो आणि कागदावर काही मिळत नाही. दोन-तीन प्रकारची थोडी थोडी घेऊन बघा, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते.

आणि पॉइंट टू टू म्हणजे खेळणं, असं तुमच्याही घरात कोणी म्हणेल. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता-पालेम्बांग एशियाडमध्ये सुवर्णपदक घेतलं ते याच खेळण्याने. काकांना हे मी तीनदा सांगितलंय.

पावसाळ्याचं म्हणाल तर शत्रू पाऊस नाही, पेटी आहे. ज्या फोमच्या पेटीत पिस्तूल मिळतं ती फक्त प्रवासाला. जून ते सप्टेंबर तो फोम पाणी धरून बसतो, चामड्याचं कव्हर त्याहून वाईट. लोखंडी कपाटात उघडं ठेवा, शेजारी सिलिका जेलची पिशवी, आणि ती दर आठवड्याला तापवून कोरडी करा. झिरोचा बल्बही चालतो, पण आपल्याकडच्या विजेवर विसंबू नका. पंधरा दिवसांनी लाकडी ग्रिप काढून आतली बाजू बघा. माझ्या पिस्तुलावर पहिला गंज तिथेच आला, बाहेरून सगळं चकचकीत असताना. हाताचा घामही खारा असतो, म्हणून हाताळलं की पुसायचं. बंदुकीचं पातळ तेल फडक्यावर घेऊन पुसा, ओतू नका. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, तेल नको, पिनेच्या भोकात तर नकोच. नळी शक्यतो मागून साफ करा, आणि रोज घासत बसू नका. गोळी मऊ शिशाची, मेण लावलेली असते, त्याने नळी झिजत नाही. तोंडाकडून खुपसलेल्या सळीने नळीचं तोंड झिजतं. रिकामं चेंबर ठेवून ट्रिगर ओढायची हवेच्या पिस्तुलावरची सवय इथे नको, पिन चेंबरच्या कडेवर आपटते. काही मॉडेलांना त्यासाठी वेगळी सोय असते, पुस्तिकेत बघा.

हे आधी लिहायला हवं होतं: लायसन्स हातात येईपर्यंत कुणाला इसार देऊ नका. कलेक्टर ऑफिसच्या फेऱ्या आहेत, रायफल क्लबचं सदस्यत्व आणि तुमचे स्कोअर जोडावे लागतील. लायसन्स फक्त जिल्ह्यापुरतं की राज्यभराचं तेही बघा, नाहीतर बालेवाडीला नेताच येणार नाही. दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर काढलीत तरी काही बिघडत नाही.

काकांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. त्यांच्या बंदुकीला खोबरेल चालतं. घोडा बाहेर, अंगठ्याएवढा, तो गोठलेल्या तेलाला भीक घालत नाही. नळी ते उकळत्या पाण्याने धुतात तेही बरोबरच, कारण काळ्या दारूची राख पाणी ओढते. तुमच्या पिस्तुलाला यातलं काही लागू नाही.

फोटो मी त्यांना दाखवला. चष्मा पुसून बघितला, फोन परत दिला आणि म्हणाले, "काडतुसा जुनी होती." ताईंच्या पेट्रोलने पिन धुऊन कोरडी केल्यावर त्याच डब्यातली उरलेली चाळीसच्या चाळीस उडाली होती. तेही सांगितलं. तोवर ते खळ्यात निघून गेले होते.