वाचक विचारतात : माळ्यावर सापडलेला शाळेचा अंक

प्रश्न : गावचं घर रिकामं करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आमच्या शाळेचा 1983-84 चा वार्षिक अंक सापडला. मी तेव्हा दहावी ब मध्ये होते. फोटोची पानं एकमेकांना चिकटलीयेत, पिना गंजल्यात, आणि वर्गाच्या ग्रुप फोटोखाली फक्त सरांची आणि बाईंची नावं आहेत, आम्हा मुलांची नाहीतच. सेहेचाळीस जणांतली मला पंधराएक आठवतात. अजून एक सांगायचंय. विहिरीवरची माझी कविता त्यात छापली होती पण खाली नाव वर्गातल्या दुसऱ्याच मुलीचं आलं होतं. तेव्हा घरी कोणाला बोलले नाही, आता पान उघडलं आणि परत तसंच वाटलं. घरचे म्हणतात रद्दीत दे. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, रद्दीत अजिबात देऊ नका. अशा अंकांच्या किती प्रती निघायच्या आणि त्यातल्या किती घरांत टिकल्या असतील याचा विचार करा, कदाचित तुमच्या वर्गात ही एकच उरली असेल.

आधी चिकटलेल्या पानांचं बघू. ती ओढून सोडवायला जाऊ नका, वाफ तर मुळीच देऊ नका. तेव्हा गावाकडच्या प्रेसमध्ये ट्रेडल मशीनवर छपाई व्हायची, मजकूर साध्या कागदावर आणि फोटो मात्र मध्ये वेगळ्या गुळगुळीत आर्ट पेपरवर, कारण ब्लॉकचे, म्हणजे फोटोच्या धातूच्या ठशाचे, बारीक ठिपके साध्या कागदावर नीट उठत नाहीत. त्या आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो, पावसाळ्यात दमट हवा लागली की तो मऊ होतो आणि दोन पानं एकजीव होतात, मग ओढलं की एका पानावरचे चेहरे दुसऱ्या पानावर निघून येतात. जी पानं सहज सुटतात तेवढीच उघडा, बाकीची तशीच राहू द्या आणि दुसरी प्रत शोधा. शाळेचं ग्रंथालय, गावचं वाचनालय, तेव्हाच्या मराठीच्या बाईंचं घर, जिथे जिथे असू शकेल तिथे विचारा.

गंजलेल्या पिना समोरून उपटू नका. अंक पालथा घालून पिनेचे दुमडलेले पाय बोथट सुरीनं हळूच सरळ करायचे, मग पिन अलगद निघते, आणि त्याच भोकांतून साधा सुती दोरा ओवायचा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका हे मी हात जोडून सांगते, कारण माझ्या आईच्या शाळेच्या अंकाला मी कॉलेजात असताना मोठ्या प्रेमानं टेप लावली होती, आज तिथे तपकिरी पट्टा आहे आणि त्याखाली तिचं नाव होतं ते धड वाचता येत नाही. लॅमिनेशनपण नको. कसर लागू नये म्हणून कोरड्या कपाटात आडवा ठेवा, ट्रंकेत परत नको.

आता ग्रुप फोटो. मोबाईलवर चेहरा मोठा करून बघितला असेल तर फक्त ठिपके दिसले असतील ना, तो मोबाईलचा दोष नाही, छापील फोटोत तेवढेच ठिपके असतात, त्यापुढे काही लपलेलं नाही. म्हणून मूळ फोटो शोधायचा, तो पुठ्ठ्यावर चिकटवून फोटोग्राफर विकायचा आणि खूप जणांच्या आईवडिलांनी तो घेतलेला असायचा, भिंतीवर टांगलेला. त्यात कोणाच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतं. आणि त्या पुठ्ठ्यावर बऱ्याचदा ‘उभे डावीकडून’, ‘बसलेले डावीकडून’ अशी सगळ्यांची नावं छापलेली असतात.

नावं जुळवताना खरी अडचण मुलींची होते. अंकात ‘कु.’ लावून माहेरचं नाव, आणि आता आडनाव बदललेलं, काही जणींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं, त्यामुळे फेसबुकवर शोधून सापडतच नाहीत. त्यांच्या भावांना विचारा, भाऊ गावातच असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येकाची नोंद असते, दाखले त्यावरूनच निघतात, तर मुख्याध्यापकांना भेटून फक्त नावांची खात्री करून घ्या, जन्मतारखा वगैरे ग्रुपवर टाकू नका. आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर होता तेवढा पण स्पष्टपणा जातो.

एक विनंती, नुसता ग्रुप फोटो बघून अंक मिटू नका. मला तर या अंकांत सगळ्यात जास्त शेवटची पानं आवडतात. किराणा दुकान, टेलर, सायकल मार्ट, खतांचे डीलर यांच्या ‘शुभेच्छांसह’ जाहिराती, तीन आकडी फोन नंबर, म्हणजे तुमचा अख्खा बाजारपेठ रस्ता तिथे आहे. तुमच्या अंकात आठवीतल्या कोणीतरी कपिल देववर काहीतरी लिहिलेलं असणार बघा, 83 च्या जूनमध्येच तर वर्ल्ड कप आला होता. आणि शिष्यवृत्ती, चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांच्या याद्या, चुटके, कोडी… त्यातल्या कितीतरी मुलांचं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं असेल आणि ते इथेच.

म्हणूनच तुमच्या कवितेचं मला खरंच वाईट वाटलं. तेव्हा प्रेसमधले जुळारी एकेक खिळा, म्हणजे धातूचं सुटं अक्षर, हातानं लावायचे, पान बांधताना नावाची ओळ इकडची तिकडे जाऊ शकायची, प्रुफं एखाद्या सरांनी रात्री घरी बसून बघितलेली. मुद्दाम कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलीला ते कोण समजावणार होतं, तुम्ही गप्प राहिलात हेच मला जास्त लागलं. त्या मैत्रिणीला शोधून फोन करा असं मी सांगेन. तिला नको असलेली शाबासकी मिळाली होती, तीही तेव्हा काही बोलली नसेल, तिच्याही मनात ते राहिलं असेल कदाचित.

पानावर पेनानं खाडाखोड नका करू. एका साध्या कागदावर पेन्सिलीनं लिहा की ही कविता कोणाची, आणि तो कागद त्या पानात ठेवून द्या, पुढे अंक ज्याच्या हाती पडेल त्याला कळेल. आणि ती कविता पूर्ण उतरवून आमच्याकडे पाठवा, आपण या सदरात छापू. खाली नाव माहेरचं हवं की आत्ताचं, तेवढं नक्की कळवा.