आयुष्यभर गोळीच घ्यायची, तर ऑपरेशन कशाला?

“ग्रंथी काढून टाकायची आणि वर आयुष्यभर गोळी घ्यायची. मग मिळवलं काय?” गळ्यातली थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढण्याचा सल्ला मिळालेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन येतात. आवाज, व्रण, खर्च हे सगळं नंतर, आधी गोळी. या प्रश्नाचं उत्तर एका शिक्षिकेच्या अनुभवातून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या कळव्याला राहतात आणि ठाण्यातल्या एका मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवतात. वय 36, मुलगी दुसरीत. निदान ग्रेव्हज आजाराचं. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉईडला चेतवत राहते आणि ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन ओतत राहते. दीड वर्ष हार्मोन कमी करणारं कार्बिमाझोल घेऊन झालं, गोळ्या बंद केल्या आणि काही महिन्यांत आजार उलटला. गळ्याची सूज आता लांबूनही दिसत होती, डोळे किंचित पुढे आले होते. आणि त्यांना दुसरं मूल हवं होतं.

एंडोक्रायनोलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, तीनही वाटा समोर ठेवल्या होत्या. कार्बिमाझोल पुन्हा सुरू करता येतं, पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत ते बाळाच्या घडणीवर परिणाम करू शकतं. ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी आयोडीन घेतलं तर नंतर निदान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते आणि डोळ्यांचा त्रास वाढण्याचा धोका असतो. म्हणून त्यांचा कल शस्त्रक्रियेकडे होता.

पहिल्या भेटीत यजमान म्हणाले, “मॅडम, ही हल्ली फार चिडते. आणि निर्णय काही घेत नाही.” त्या मान खाली घालून बसल्या होत्या. मांडीवरच्या पर्सवर ठेवलेली बोटं थरथरत होती. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मी टेन्शन घेते ना, म्हणून मला हे झालं असं सगळे म्हणतात.”

शस्त्रक्रियेचा विषय मी तिथेच बाजूला ठेवला. धडधड, हाताचा कंप, झोप न लागणं, क्षुल्लक गोष्टीवरून भडकणं, ही सगळी वाढलेल्या हार्मोनची लक्षणं आहेत. अशा शरीरात बसून कुणालाही शांतपणे निर्णय घेता येत नाही. सर्जनलाही घाई परवडत नाही, कारण थायरॉईड आटोक्यात नसताना भूल दिली तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे ऑपरेशन ठरलं तरी आधी औषधांनी पातळी खाली आणावीच लागते. त्या आठवड्यांत माझं मुख्य काम यजमानांशी बोलण्याचं होतं. आजाराला बायकोचा स्वभाव समजू नका, हे त्यांना पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र रात्रीची भांडणं थांबली आणि त्या पहिल्यांदा एकट्या येऊन मोकळेपणाने बोलल्या.

तेव्हा गोळीमागची खरी गोष्ट बाहेर आली. त्यांच्या वडिलांना मधुमेह होता. घरात पाहुण्यांसमोर त्यांचा उल्लेख ‘गोळ्यांवर जगणारा माणूस’ असा व्हायचा. त्यांना भीती औषधाची नव्हती, आपल्यालाही तसंच म्हटलं जाईल याची होती. असं काही मनात असेल तर नुसती वैद्यकीय माहिती ओतून उपयोग होत नाही. ते दुःख आधी ऐकून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी दोन भेटी गेल्या तरी मी त्या वाया गेल्या असं मानत नाही.

मग मी त्यांना इतिहास सांगितला, कारण शिकवणाऱ्या माणसाला तो लागू पडतो. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेसाठी आणि त्या ग्रंथीवरच्या अभ्यासासाठी 1909 चं नोबेल मिळालेले स्वित्झर्लंडचे सर्जन थिओडोर कोखर यांनी 1883 मध्ये एक वेदनादायक गोष्ट जाहीर केली. ज्यांची ग्रंथी त्यांनी पूर्ण काढली होती, ते रुग्ण ऑपरेशनमधून वाचले, पण पुढे सुजत, मंदावत, खंगत गेले होते. गोळी नसलेलं जग ते होतं. 1891 मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी थायरॉईड जवळजवळ बंद पडलेल्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचायला सुरुवात केली. ती बाई पुढे 28 वर्षं जगली.

आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवते तेच. आजार दाबणारं औषध आणि कमी पडलेलं भरून काढणारं औषध यांत फरक आहे. कार्बिमाझोल पहिल्या प्रकारचं. ते घेताना घसा दुखून ताप आला तर लगेच रक्त तपासावं लागतं, कारण क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. थायरॉक्सिन दुसऱ्या प्रकारचं. वजनाच्या हिशोबाने ते ठरतं, किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 100 च्या आसपास. सहा ते आठ आठवड्यांनी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, बघून डोस नेमका करतात. योग्य डोसमध्ये ते गरोदरपणातही सुरक्षित असतं. उलट तेव्हा गरज वाढते, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना कळवायचं.

त्यांनी विचारलं, “पावसात लोकल बंद पडल्या, कुठे मुक्काम पडला आणि गोळी चुकली तर?” ठाण्या-कळव्याच्या माणसाचा हा अगदी रास्त प्रश्न. थायरॉक्सिन शरीरात हळूहळू उतरतं, निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. एक दिवस चुकल्याने काही बिघडत नाही, रोजची टाळाटाळ मात्र बाधते. खरी अडचण आपल्या घरांत वेगळीच असते: सकाळचा चहा. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाने. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. उपवास असला तरी गोळी घ्यायची.

आवाजाची काळजी मी उडवून लावली नाही, कारण तो त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. स्वरयंत्राची नस थायरॉईडच्या अगदी मागून जाते. अनुभवी हातांत कायमची इजा शंभरात एखाद्याला होते, काही आठवड्यांचा घोगरेपणा त्याहून जास्त जणांना. शून्य धोका असं मी कधीच म्हणत नाही. त्याऐवजी आम्ही सर्जनला विचारायचे प्रश्न वहीत लिहिले. या शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का? आधी दुर्बिणीने स्वरतंतू तपासणार का? नस ओळखायला मॉनिटर वापरणार का? मला आवाजावर काम करावं लागतं, हे तुमच्या कागदावर लिहाल का? सर्जननी प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. माझ्या मते होकार द्यायला त्या तिथेच तयार झाल्या.

सासूबाई मात्र ठाम होत्या. “गळ्याला सुरी लावायची नाही. चूर्णाने बसेल.” त्यांनाही मी भेटायला बोलावलं. त्यांच्या माहेरी एका बाईचा गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज गेला होता. त्यांचा विरोध मायेपोटीच होता आणि मी तसं त्यांच्यासमोर म्हटलं. “काकू, ऑपरेशन व्हायचं की नाही हे डॉक्टरांवर आणि सूनबाईंवर सोडा. पण घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस त्यांना हंडा-कळशी उचलू देऊ नका, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.” त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी मात्र डबा घेऊन हॉस्पिटलात हजर होत्या.

दुसऱ्या रात्री शिक्षिकेच्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. थायरॉईडला चिकटून चार इवल्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्या शरीरातलं कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावल्या तर कॅल्शियम उतरतं. हे आधीच बोलून ठेवल्यामुळे त्यांनी अंगावर न काढता नर्सला हाक मारली. कॅल्शियम दिलं, पुढे गोळ्या काही आठवडे चालल्या. त्याचप्रमाणे गळा फुगू लागला किंवा श्वास अडला तर क्षणभरही थांबायचं नाही, हे पहिल्या 24 तासांसाठी सगळ्या घराला माहीत असायला हवं.

आता त्या पुन्हा वर्गावर जातात. आवाज बोलायला ठीक आहे. प्रार्थनेतल्या वरच्या पट्टीला अजून दमतो, म्हणून स्पीच थेरपिस्टकडे जातात आणि वर्गात छोटा माईक वापरतात. हळदीकुंकवाला कुणी व्रणाबद्दल विचारलं तर “थायरॉईडचं ऑपरेशन” एवढंच सांगायचं, हे आम्ही बोलून ठरवलं होतं. चिडचिड बरीच ओसरली आहे, डोळ्यांची तपासणी वेगळी चालू आहे.

दुसऱ्या मुलाचा विचार टीएसएच स्थिरावल्यावर. ग्रंथी गेली तरी तिला चेतवणारी ग्रेव्हजची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) रक्तात काही काळ राहू शकतात आणि वारेतून बाळापर्यंत पोचू शकतात. त्यामुळे नाव नोंदवायला जाताना प्रसूतितज्ज्ञांना ‘थायरॉईड काढलंय’ एवढंच सांगून भागणार नाही, ‘ग्रेव्हजसाठी काढलंय’ असं सांगावं लागेल. ते वाक्य त्यांनी फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं आहे.