वाचकांचे प्रश्न : प्रोस्टेटचा एमआरआय किती खरा मानायचा?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून दीड वर्षापासून टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइडची एकत्र गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) ७.८ आला. एमआरआयमध्ये प्रोस्टेट ६२ सीसी आणि ‘पायरॅड्स २’ असं लिहिलंय. बायोप्सी टळली असं समजायचं का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : पत्रात तुम्ही जाता जाता सांगितलेली गोळीच इथे सगळ्यात महत्त्वाची आहे. ड्युटास्टेराइड सहा महिन्यांपेक्षा जास्त घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणून वडिलांचा पीएसए ७.८ नव्हे, १५.६ धरून विचार करायला हवा. रक्त घेताना औषधं विचारली नाहीत, तर लॅबच्या कागदावर हे कळायला मार्ग नाही.

आता एमआरआयकडे येऊ. पायरॅड्स ही १ ते ५ अशी शंकेची पातळी आहे आणि २ म्हणजे शंका कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर झालेला ‘प्रॉमिस’ अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येकाचा आधी एमआरआय काढला आणि मग प्रोस्टेटमधून दर ५ मिलिमीटरला सुई घालून पडताळा घेतला. ज्यांना धोकादायक कर्करोग होता, त्यांतल्या ९३ टक्के लोकांवर एमआरआयने बोट ठेवलं होतं. नेहमीच्या सोनोग्राफी-बायोप्सीने अवघ्या ४८ टक्क्यांवर. तपासणी म्हणून एमआरआय निश्चितच चांगला आहे. तरी ‘शंका नाही’ असं सांगितलेल्या दर शंभरांत ११ जणांना असा कर्करोग निघालाच.

हे ११ कोण असू शकतात, याचा अंदाज पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागून येतो. तुमच्या कागदावरचे आकडे तसेच घेतले तर ७.८ भागिले ६२, म्हणजे ०.१३. ही संख्या ०.१५ च्या खाली असेल, एमआरआय स्वच्छ असेल आणि घरात वडील-भावांना हा आजार नसेल, तर बरेच युरोलॉजिस्ट बायोप्सी न करता दर सहा महिन्यांनी पीएसए बघतात. पण गोळीचा हिशेब धरला की १५.६ भागिले ६२, म्हणजे ०.२५. या गोळीने ग्रंथीही साधारण पाव हिश्श्याने आकसते, म्हणून मूळ आकार ८३ सीसीच्या आसपास धरला तरी उत्तर ०.१९ येतं. दोन्ही आकडे ०.१५ च्या वरच.

तेव्हा निश्चिंत होऊ नका. लघवीची तपासणी आणि कल्चर करून घ्या. जंतुसंसर्गानेही पीएसए चढतो. तो निघाला तर उपचारानंतर सहा-आठ आठवडे थांबून पीएसए पुन्हा करा. गोळी मनाने बंद करू नका. गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी झाली नसेल तर ती मागून घ्या. हे सगळे कागद घेऊन युरोलॉजिस्टला स्पष्ट विचारा : ‘एमआरआय चांगला असला तरी बायोप्सी करावी का?’ आमच्या मते, पुन्हा केलेला पीएसए खाली आला नाही तर करावी.

प्रश्न : अहवालात ‘पायरॅड्स ४’ आहे. म्हणजे चौथी स्टेज ना? ऑपरेशन लगेच करावं का?
— एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : नाही, चौथी स्टेज मुळीच नाही. या आकड्याचा स्टेजशी संबंध नाही. ४ म्हणजे धोकादायक कर्करोग असण्याची शक्यता बरीच आहे, एवढंच. प्रॉमिसमध्ये ज्यांना तसा कर्करोग नव्हता, त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या एमआरआयमध्येही शंका लिहिली गेली होती. प्रोस्टेटची जुनी सूज, क्षय, मूत्राशयाच्या गाठीसाठी आत दिलेलं बीसीजी, या सगळ्यांचे डाग कर्करोगासारखेच दिसतात. असं काही झालेलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

बायोप्सीशिवाय ऑपरेशन नको. डागातून तीन-चार नमुने आणि सोबत बाकीच्या ग्रंथीतूनही नमुने घेतले जातात. त्यात ग्लीसन ३+३ (कर्करोगाची सगळ्यात सौम्य श्रेणी) आला, तर अनेकदा लगेच उपचार न करता नियमित तपासण्यांवर लक्ष ठेवतात.

प्रश्न : जवळ १.५ टेस्लाचं मशीन आहे. ३ टेस्लासाठी हैदराबादला जावं का?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : केवळ टेस्लासाठी, म्हणजे मशीनच्या चुंबकाच्या ताकदीसाठी, नको. प्रॉमिसचे एमआरआय १.५ टेस्लावरच काढले होते. अहवाल वाचणारा रेडिओलॉजिस्ट प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी वाचतो का, हे मात्र नक्की विचारा. चिठ्ठीवर ‘मल्टिपॅरामेट्रिक प्रोस्टेट एमआरआय’ असंच लिहून घ्या. नुसत्या ‘पेल्व्हिस एमआरआय’मध्ये डिफ्यूजनची (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारी) पुरेशी चित्रं नसतील तर पैसे वाया जातात.

सकाळी पोट साफ करून जा. गुदाशयात वायू असला की नेमकी डिफ्यूजनची चित्रं वाकडी येतात. खुब्याचा कृत्रिम सांधा असेल तर त्या धातूनेही तोच घोटाळा होतो. पेसमेकर असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट येण्यासाठी शिरेतून दिलं जाणारं औषध) द्यायचं असल्यास क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा. बायोप्सी आधीच झाली असेल तर किमान सहा आठवडे थांबा, कारण साकळलेलं रक्त चित्र बिघडवतं. आणि निघताना फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना डिफ्यूजनची चित्रं फिल्मवर नीट तपासता येत नाहीत.