नाशिकच्या छोट्या घरगुती वायनरीकडून दर सीझनला ‘नवीन वाइन आली, बुक करा’ असे मेसेज येतात, ते बघून वाइन घ्यावी का?

आधीच सांगून टाकते, माझ्या मामाची दिंडोरी तालुक्यात छोटीशी वायनरी आहे आणि तिथून मुंबईच्या गिऱ्हाईकांना जे मेसेज जातात ते मुलुंडला बसून मीच टाइप करते, त्यामुळे मी काही तटस्थ वगैरे नाही. वायनरीचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची.

तुम्ही लिहिलंय की फिरायला गेलात, तिथे नंबर दिला आणि तेव्हापासून मेसेज सुरू झाले, कधी तोडणीचे फोटो, कधी नवीन रोझे (गुलाबी वाइन), आणि आता म्हणतायत की शिराझ (ही रेड वाइन) बॅरलमध्ये, म्हणजे लाकडी पिंपात, आहे, थोड्याच बाटल्या निघतील, आत्ताच पैसे भरा. हे खरं की नुसतं मार्केटिंग?

मार्केटिंग तर आहेच हो. पण अशा मेसेजमध्ये वाइनचं कौतुक वाचत बसू नका, शेताची बातमी शोधा. छाटणी कधी झाली, पाऊस कधी पडला, तोडणी कधी लागली हे ज्याने लिहिलंय त्याच्याकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते घरबसल्या कळतं. आणि ज्यात फक्त ‘मखमली’, ‘बहारदार’, ‘शेवटचे काही तास’ एवढंच आहे तो मेसेज दादरच्या साड्यांच्या सेलसारखा समजा, आवडलं तर घ्या, नाहीतर पुढे चला.

आता शेताच्या बातमीत काय बघायचं ते सांगते. नाशिककडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तेव्हा पीक घ्यायचं नसतं, नवीन काडी तयार करायची असते, पण पुढच्या हंगामाला किती घड लागणार हे त्या उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो तिथे, ठरून जातं, म्हणून तेव्हा कडक ऊन पाहिजे, ढगाळ हवा आणि पाऊस अजिबात नको. २०२५ चा मे आठवतोय ना, २६ मे ला मुंबईत मान्सून पोचला, इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती, वरळीला नव्या मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं होतं बघा. आपण इथे ऑफिसला कसं जायचं या चिंतेत आणि मामा तिकडे आत घड आहेत की नाही म्हणून काड्या तपासायला लॅबमध्ये पाठवत होता. अशा उन्हाळ्यानंतरच्या हंगामात कोणी ‘यंदा भरघोस पीक’ लिहिलं तर मी तरी दोन प्रश्न जास्त विचारीन.

दुसरी छाटणी पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिला गोडी छाटणी म्हणतात, आणि तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांनी तोडणी. ही तारीख म्हणजे खरा जुगार असतो. लवकर छाटलं आणि परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर आला की घड जिरतात, म्हणजे वाढायच्या आधीच नाहीसे होतात, फुलोऱ्यात आला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो आणि फवारण्यांचा खर्च डोक्यावर बसतो. उशिरा छाटलं तर हे टळतं पण मग मणी पिकायला मार्चची उन्हं सापडतात, साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. आंबटपणा गेला की व्हाइट वाइन पाणचट लागते, मग लेबल कितीही छान असू दे. म्हणून माझा साधा हिशोब असा आहे की सोव्हिन्यॉ ब्लाँ किंवा शेनिन ब्लाँ (या व्हाइट वाइनच्या जाती) जानेवारी ते मध्य फेब्रुवारीत तोडली असेल तर डोळे झाकून घ्या, मार्चमध्ये तोडलेली असेल तर आधी एक बाटली उघडून बघा. शिराझ, कॅबर्ने या रेड वाइनच्या जातींना थोडा उशीर चालतो. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनसाठीची द्राक्षं सगळ्यात आधी काढतात, कमी साखरेवर, कारण तिथे आंबटपणाच तर हवा असतो.

फोटोही नीट बघा. पहाटे अंधारात डोक्याला बॅटरी लावून तोडणी चाललीय असा फोटो असेल तर चांगलं लक्षण, थंड द्राक्षाचा वास टिकतो. भर दुपारी उन्हात क्रेट पडलेत तर कठीण आहे. आणि टबात पाय घालून द्राक्षं तुडवणारी मंडळी, ती सगळी तुमच्या-माझ्यासारखी मुंबई-पुण्याची, त्या रसाची वाइन सहसा कोणी करत नाही, काळजी नसावी. (हार्वेस्ट बघायला लोक २६ जानेवारीला जोडून सुट्टी काढून येतात आणि तिथे पोचल्यावर कळतं की आज ड्राय डे. दरवर्षी! आता मी तो मेसेज डिसेंबरमध्येच टाकते.)

‘नवीन’ म्हणजे काय हेही समजून घ्या. व्हाइट आणि रोझे स्टीलच्या थंड टाकीत आंबवतात आणि काही महिन्यांत बाटलीत येतात, म्हणजे एप्रिल-मेपासून त्याच वर्षाचा आकडा लिहिलेली बाटली मिळू शकते आणि ती तेव्हाच प्यायची असते, ठेवून ठेवून सोनं होत नाही तिचं. इथे एक गंमत आहे, युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि आपल्याकडे जानेवारी ते मार्च, त्यामुळे लेबलवर वर्ष एकच असलं तरी आपली वाइन सात-आठ महिन्यांनी मोठी असते. म्हणून दिवाळीच्या गिफ्ट पॅकमध्ये मागच्या वर्षाची रोझे दिसली तर ती दीड वर्षाहून जुनी आहे आणि गोडाऊन रिकामं करणं चाललंय हे ओळखा. गिफ्ट पॅक मला तसेही आवडत नाहीत, अर्धे पैसे खोक्याचे.

नवीन जातीची वाइन आली असेल, समजा टेंप्रानियो, तर द्राक्षं कुणाच्या बागेतली ते विचारा. वेल लावल्यावर कामाचं पीक यायला दोन-तीन वर्षं जातात, मग कालपर्यंत नाव न काढलेली जात अचानक आली म्हणजे बहुतेक बाहेरच्या शेतकऱ्याकडून द्राक्षं घेतलीत. त्यात वाईट काही नाही, नाशिकमध्ये मोठेही घेतात आणि छोटेही, पण ‘आमच्या बागेतून’ असं लिहिलेलं असेल तर विचारायचा हक्क आहे तुम्हाला.

थोड्याच बाटल्या, हे मात्र खरं असू शकतं. ओक लाकडाचं नेहमीचं बॅरल २२५ लिटरचं, बाटली ७५० मिलीची, म्हणजे एका बॅरलच्या ३०० बाटल्या, त्यातून थोडी उडून जाते, थोडा गाळ खाली बसतो. दोन बॅरल भरलीत म्हणजे सहाशेच्या आतच कारभार. पण ‘रिझर्व्ह’, म्हणजे खास मुरवलेली, या शब्दावर भाळू नका, ओकमध्ये किती महिने ठेवलीय ते विचारा. आणि कुणी हृदयाला चांगली वगैरे लिहिलं तर तो मेसेज सरळ डिलीट करा, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येच स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. प्यायची तर आवडते म्हणून प्या, औषध म्हणून नको.

बरेच जण विचारतात की आमच्या कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमध्ये का नाही मिळत. छोट्या वायनरीला दुकानदार फळीवर जागा देत नाही हो, त्याला रोज खपणारा माल पाहिजे. त्यात प्रत्येक लेबलची एक्साइजकडे नोंदणी करावी लागते, राज्यागणिक वेगळी, म्हणून शे-दोनशे खोक्यांची वाइन महाराष्ट्राबाहेर सहसा जातच नाही. २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला होता, मामाने पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, पण विरोध इतका झाला की गाडी पुढे सरकलीच नाही. म्हणून हे मेसेज. आमच्यासारख्यांना गिऱ्हाईकापर्यंत पोचायला दुसरा रस्ता फारसा नाहीये, मात्र श्रावणात मेसेज टाकायचा नाही असा मामीचा नियम आहे आणि तो मोडायची हिंमत मामाचीही नाही.

बाटली घरी आली की फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका, घरातली सगळ्यात गरम जागा ती. मुंबईच्या मेमध्ये रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा. गार केलेल्या बाटलीच्या तळाला साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, टार्टारिक अ‍ॅसिडचे क्षार असतात ते, अपाय काही नाही. बोंबील फ्रायबरोबर सोव्हिन्यॉ, तिखट कोळंबीला किंचित गोडसर शेनिन, सुक्या मटणाला शिराझ, एवढं पुरे.

आता तुमची शिराझ. त्यांना विचारा की कुठल्या वर्षाची तोडणी, ओकमध्ये किती महिने आणि बाटलीत कधी भरणार. याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडलेली असेल आणि दिवाळीला हातात देतो म्हणत असतील तर ती बॅरलमध्ये जेमतेम राहिलेली असणार, प्यायला बरी असेल पण रिझर्व्हचा भाव देऊ नका. मागच्या वर्षाची असेल, वर्षभर ओकमध्ये असेल आणि भरायचा महिना सांगत असतील तर तीन-चार बाटल्यांचे पैसे भरायला हरकत नाही, फक्त पावती वायनरीच्या नावाने घ्या, कुणाच्या खाजगी खात्यावर पैसे टाकू नका. कुरियरने पाठवा म्हणू नका, दारू अशी साध्या पार्सलने पाठवता येत नाही. जून २०२५ पासून समृद्धी आमण्यापर्यंत आलीय, त्यामुळे भिवंडीकडून चढलात की कसारा घाट न लागता इगतपुरीला निघता, पावसाळ्यात एखाद्या रविवारी जाऊन स्वतः घेऊन या, आधी चव बघा, आणि डिकीत उन्हात न ठेवता सीटच्या खाली पायाशी एसीत ठेवून आणा.